वर्णपटाचा तक्ता पाठ करू नका

विद्युतचुंबकीय लहरींचा, म्हणजे रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंतचा तक्ता पाठ करायला घेतलाय ना? तो आधी बाजूला ठेवा. एकच सूत्र पक्कं करा: वेग म्हणजे वारंवारता (सेकंदाला किती लहरी) गुणिले तरंगलांबी (एका लहरीची लांबी). निर्वातात वेग सगळ्यांचा सारखाच, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. म्हणजे वारंवारता वाढली की तरंगलांबी घटलीच. मेगाहर्ट्झच्या (सेकंदाला दहा लाख लहरी म्हणजे एक मेगाहर्ट्झ) आकड्याने 300 ला भागलं की उत्तर थेट मीटरमध्ये येतं. एफएमचं 100 मेगाहर्ट्झ? 3 मीटर.

मग प्रत्येक वेळी विचारा, समोरची वस्तू या लांबीपेक्षा मोठी की लहान? खरी गंमत इथे आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, तेव्हा जरूर जा. तबकडीला पत्रा नाहीच, नुसती तारेची जाळी. आरपार आभाळ दिसतं! अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी रेडिओ लहर 21 सेंटिमीटरची, जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. त्या लहरीला ती जाळी म्हणजे सलग पत्राच. वारा मात्र निघून जातो आणि प्रकाशही, कारण त्याची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. मायक्रोवेव्हच्या दारातली जाळीही याच हिशोबाची.

अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, लाल रंगापलीकडचे) किरण बघायचे तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका लुकलुकतो.

आणि ध्वनी यात मिसळू नका. त्याला माध्यम लागतं, या लहरींना नाही. परीक्षेत या घोळापायी हकनाक मार्क जातात.