महागड्या आजाराला सरकारने 'नाही' म्हणावं का?

तुमचा प्रश्न असा: किडनीच्या एका रुग्णाच्या वर्षभराच्या डायलिसिसच्या पैशात कितीतरी मुलांचं लसीकरण होत असेल, तर सरकारने डायलिसिसवर खर्च करावाच का?

माझे वडील साडेतीन वर्षं डायलिसिसवर होते. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. पण हा हिशेब खरोखर मांडून बघणारा एक देश आहे, थायलंड.

तिथे 2002 मध्ये सगळ्यांसाठी आरोग्य योजना आली. दर खेपेला 30 बाट (बाट म्हणजे तिथलं चलन) भरायचे, म्हणून लोक तिला तीस बाटचीच योजना म्हणायचे. डायलिसिस मात्र तिच्यातून वगळलं होतं. रुग्ण यातून बरा होत नाही, खर्च शेवटपर्यंत चालू राहतो आणि दरवर्षी नव्यांची भर पडते. अभ्यासकांनी आकडेमोड केली तेव्हाही डायलिसिस परवडण्याच्या रेषेपलीकडेच गेलं. म्हणजे तुमचं गणित चुकलेलं नाही.

गोम अशी की सरकारी नोकरांना आणि कामगार विम्यातल्यांना डायलिसिस मिळत होतं. शेतकऱ्याला नाही. त्याच्या घरचे कर्जात बुडत होते. रुग्णांनी हे लावून धरलं आणि 2008 पासून डायलिसिस योजनेत आलं. अट एकच, आधी पोटाचं. पोटात नळी बसवायची आणि घरीच दिवसातून साधारण चार वेळा द्रावण भरायचं, काढायचं. मशीन लागत नाही, शहरात खेटे घालावे लागत नाहीत, द्रावणाच्या पिशव्या पोस्टाने घरी येतात. वैद्यकीय कारण नसताना मशीनचाच हट्ट असेल तर पैसे स्वतःचे.

आमचे बाबा आठवड्यातून दोनदा एसटीने दोन तास जायचे, चार तास मशीनवर, पुन्हा दोन तास परत. आईचीही रोजंदारी तेवढे दिवस बुडायची. पोटाचं डायलिसिस असतं हे मला कळलं ते बाबा गेल्यावर.

त्याचेही त्रास आहेतच. हात नीट धुतले नाहीत तर पोटात जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि एका खोलीच्या घरात स्वच्छ कोपरा कुठून आणायचा? लसीला माझाही विरोध नाही. पण गरिबाच्या डायलिसिसवर काट मारताना नोकरदाराचं चालू का, हे मी आधी विचारेन.

2022 मध्ये थायलंडने निवड रुग्णांवर सोपवली. नवे रुग्ण झपाट्याने मशीनकडे वळले आणि खर्चाचा प्रश्न पुन्हा टेबलावर आला.