स्पॅनिश घरातच सापडते

वही मिटली की स्पॅनिश संपली, असं करू नकोस. आधी स्वयंपाकघरात शोध. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द स्पॅनिशचे जवळचे नातेवाईक आहेत. आपला 'पगार' घे, स्पॅनिशमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणे! साबण 'खाबोन', पाव 'पान'. बटाट्यापाशी मात्र जपून. अर्जेंटिनात 'बाताता' मागितलंस तर रताळं हातात पडेल. बटाटा तिथे 'पापा', स्पेनमध्ये 'पाताता'. (माझा यावर एक मार्क गेलाय.) अमेरिकेचा नकाशाही उघड: नेवाडा म्हणजे बर्फाच्छादित, कोलोराडो म्हणजे लालसर. मोबाइलची भाषा पहिल्याच आठवड्यात बदलू नकोस, सकाळी गजर बंद करता येत नाही. त्यापेक्षा फुटबॉलचं स्पॅनिश समालोचन रोज दहा मिनिटं ऐक. सुरुवातीला आकडे तेवढे पकड.