जुन्या घरात गीझर चालू केला की नळाला झिणझिण्या येतात, काय करावं?
आधी कोरड्या हातांनी मेन स्विच बंद करा आणि गीझरचा प्लग काढून ठेवा. बहुधा गीझरमधून करंट गळतोय आणि अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर) नावालाच आहे. आमच्या जुन्या वाड्यात तीन पिनांचं सॉकेट दिमाखात होतं, पण उघडलं तर वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकामागे वायरच नाही!

वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखणारी स्विच, बसवा. गळती होताच ती क्षणात सप्लाय तोडते. एमसीबीच्या (बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या साध्या स्विचच्या) भरवशावर राहू नका, ती फक्त ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी. गीझरला 16 अँपिअरचं सॉकेट आणि बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर हवी. जुन्या फ्यूजमध्ये कुणी जाड तार गुंडाळली असेल, तर तीही आजच काढायला लावा.