मेसचं बिल आणि पुस्तकांच्या लिंका

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातली, वय २५. दोन वर्षांपासून पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहून राज्यसेवेची तयारी करते. वडील शेती करतात, महिन्याला आठ हजार पाठवतात. त्यातले साडेतीन हजार मेसलाच जातात. अभ्यासिकेतली मैत्रीण म्हणते, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची माहिती देणारी वेबसाइट काढ, अ‍ॅफिलिएट लिंका टाक (त्यांवरून कुणी खरेदी केली की विकणाऱ्याकडून आपल्याला वाटा मिळतो), कमिशन सुरू होईल. एक जण ४० हजारांत हे शिकवतो आणि सहा महिन्यांत महिना पन्नास हजारांची खात्री देतो. निदान मेसचे पैसे निघतील का? कोर्स लावू का?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मेसचा प्रश्न सगळ्यांत निकडीचा, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पुढच्या महिन्याचं मेसचं बिल वेबसाइटमधून निघणार नाही. दिवाळीपर्यंतही निघेल असं मी म्हणणार नाही. का, ते कागदावर मांडून बघ.

तुझ्या लिंकवरून कुणी ३०० रुपयांचं पुस्तक घेतलं आणि कमिशन ५ टक्के धरलं, तर तुला मिळाले १५ रुपये. साडेतीन हजारांसाठी महिन्याला २३४ पुस्तकं विकली गेली पाहिजेत. शंभर वाचकांतला एक जण खरेदी करेल असं समजलं, तर दर महिन्याला २३,४०० वाचक हवेत. नव्या मराठी वेबसाइटला इतके वाचक जमवायला बराच काळ लागतो. त्यात आपलं गिऱ्हाईक कसं आहे, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते तुझ्या पानावर यादी वाचतं, फोनमध्ये फोटो काढतं आणि पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन सवलत मागून पुस्तक घेतं. तिथे तुझं कमिशन शून्य.

अ‍ॅमेझॉनने लिंकवरून कमिशन देण्याची ही पद्धत १९९६ मध्ये सुरू केली, तीही पुस्तकं विकतानाच. नियम सोपे आहेत, पण कडक आहेत. वाचकाने लिंक दाबली की साधारण २४ तास तुझ्या नावावर मोजले जातात. त्या वेळात त्याने पुस्तकाऐवजी टेबल लॅम्प घेतला तरी कमिशन मिळतं. तो दोन दिवसांनी परत आला आणि पुस्तक घेतलं, तर सहसा काहीच मिळत नाही. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी घेतलेलं धरत नाहीत. पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत, तर खातंच बंद होतं. हे सगळं त्यांच्या मदतपानांवर फुकट वाचायला मिळतं. म्हणून ४० हजारांचा तो कोर्स लावू नकोस. ते तुझ्या वडिलांचे पाच महिने आहेत. महिन्याच्या कमाईची खात्री कुणी देत असेल, तर तिथून उठून यायचं. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने असाच कोर्स लावला होता. शिकवलं काय, तर दुसऱ्यांना तोच कोर्स विकून कमिशन मिळवायचं. त्याने पहिला विकला तो स्वतःच्या मावसभावाला. आज दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

तरीही वेबसाइट काढ असं मी म्हणेन. त्याची कारणं वेगळी आहेत.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची. २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, तेव्हा हा बदल २०२५ वर ढकलला गेला, हे तुला सांगायला नको. पण इंटरनेटवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या याद्या बघ. कितीतरी अजून बहुपर्यायी प्रश्नांच्या काळातल्या आहेत. आता नुसती यादी तर गुगलच वरच्या वर उत्तरात देऊन टाकतं, तुझ्या पानापर्यंत कुणी येतच नाही. जे फक्त तुझ्या टेबलावर आहे ते लिही. उदाहरणार्थ, राज्यव्यवस्थेच्या एखाद्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेव. नवीत कोणती प्रकरणं वाढली, कोणती आकडेवारी बदलली, कोणती पानं जशीच्या तशी आहेत, हे पान क्रमांकासह लिही, फोटो टाक. 'जुनी आवृत्ती असेल तर नवी घेऊ नका, एवढी बारा पानं मैत्रिणीकडून झेरॉक्स करा' असं तू लिहिलंस, की तुझं कमिशन बुडेल. पण तो मुलगा पुढचं पुस्तक घेताना तुझ्याकडेच येईल. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, हेही पहिल्याच लेखात सांग. टेलिग्रामवरच्या चोरीच्या पीडीएफ मात्र कधीही देऊ नकोस.

थोडे वाचक जमले, की क्लासवाले आणि टेस्ट सिरीजवाले स्वतःहून फोन करतील. ४० हजारांच्या फीवर १० टक्के म्हणजे एका अ‍ॅडमिशनचे चार हजार. मेसचं महिन्याचं बिल एका फोनमध्ये फिटेल. इथे मोह होणार, आणि तो होईल म्हणूनच आत्ता सांगते. जी मुलगी तुझ्या शब्दावर फी भरेल, ती तुझ्या शेजारच्या खुर्चीवरच बसते, आणि तिचेही वडील कुठेतरी कापूस नाहीतर सोयाबीन विकून पैसे पाठवतात. ज्या वर्गात तू स्वतः बसली नाहीस त्याची लिंक टाकू नकोस. माझं मत विचारशील तर क्लासच्या लिंका अजिबातच नकोत.

लेखाच्या वर, ठळक, मराठीत लिही : 'या लिंकवरून पुस्तक घेतलंत तर मला कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत.' असा आर्थिक संबंध उघड करायला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे. पण नियम नसता तरी ते लिहायलाच हवं होतं.

खर्च? पहिले दहा लेख ब्लॉगरवर फुकट लिही. जमतंय असं वाटलं तरच हजारभर रुपयांचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, घे. वेळ रविवारी दोन तास, त्यापेक्षा जास्त नाही. पूर्व परीक्षेच्या आधीचे तीन महिने तिकडे फिरकूही नकोस.

मेससाठी नववी-दहावीच्या दोन मुलांची शिकवणी धर, संध्याकाळी तासभर. पेठांमध्ये आणि कोथरूडला मराठी माध्यमाच्या मुलांना सामाजिक शास्त्रं आणि मराठी नीट शिकवणारं माणूस लागतंच. त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला हातात येतात.

आणि एक गोष्ट, जी तुझ्या मैत्रिणीने सांगितली नसेल. निवड झाली, की महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. सरकारच्या परवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. रुजू होण्याआधी ही कमाई बंद करावी लागेल. निवड नाही झाली, तर मात्र हेच तीस-चाळीस लेख तुझ्या हातात असतील. स्पर्धा परीक्षेत चार वर्षं घालवलेल्या मुलांना मुलाखतीत विचारतात, 'मधल्या काळात काय केलं?' आणि ती गप्प होतात. पुण्यात प्रकाशकांना, शैक्षणिक मजकूर तयार करणाऱ्यांना शुद्ध मराठी लिहिणारी, तपासून घेणारी माणसं हवी असतात. त्यांच्यासमोर ठेवायला तुझ्याकडे काम असेल.

दोन आवृत्त्यांची ती तुलना या रविवारी लिहून काढ आणि मला पाठव. मी वाचून, खुणा करून परत करीन.