विहीर खुणेच्या आत येतीय, सही करू का?

प्रश्न: सर, कागल तालुक्यात आमची वडिलोपार्जित दोन एकर आहे, त्यातली 22 गुंठे रस्त्यात जाणार म्हणून मागच्या आठवड्यात माणसं येऊन बांधावर लाल खुणा करून गेली, विहीर बरोबर आत येतीय. नोटीस पण आलीय. भावकीतले म्हणतात सही दिली नाही तर जमीन घेताच येत नाही, सोसायटीत एकजण म्हणाला सही कर नाहीतर पैसे बुडतील. खरं काय? (एक वाचक)

उत्तर: दादा, दोघंही चुकलेत. मालमत्तेचा हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत राहिला नाही, पण कलम 300अ आहे, म्हणजे कायद्याशिवाय तुमची जमीन काढून घेता येत नाही, आणि कायद्याने घ्यायची झाली तर सरकारच्या स्वतःच्या रस्त्याला तुमची संमती लागत नाही. 70-80 टक्के संमतीचं जे ऐकता ते सरकार-खासगी भागीदारीतल्या आणि खासगी कंपनीच्या प्रकल्पांचं.

आधी नोटिशीवर कुठला कायदा लिहिलाय बघा. राष्ट्रीय महामार्ग कायदा 1956 असेल तर हरकतीला फक्त 21 दिवस, 2013 चा भूसंपादन कायदा असेल तर 60. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं प्रांत ऑफिसात कुणी धरत नाही.

आता विहीर, खरी मेख इथं आहे. संयुक्त मोजणीच्या (सरकारी खाती मिळून जागेवर मोजणी करतात त्या) दिवशी घरचं कुणीतरी जागेवर पाहिजेच, विहीर, मोटर, पाईपलाईन, झाडं, उभा ऊस सगळं पंचनाम्यात उतरवून घ्या आणि मगच त्या पंचनाम्यावर सही करा. शिवाय विहीर गेली की उरलेली 58 गुंठे कोरडी पडणार, त्या नुकसानीची भरपाई पण कायद्यात आहे, पण ती वेगळी मागावी लागते आणि बरेचजण मागतच नाहीत.

दर काढताना आजूबाजूची मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं बघतात. आपण स्टॅम्प ड्युटी वाचवायला खतात रक्कम कमी दाखवतो ना, ती इथं नडते. रेडीरेकनर (स्टॅम्प ड्युटीसाठी ठरवलेला सरकारी दर) जास्त असेल तर तो धरतात, आणि भरपाईच्या रकमेवर तेवढीच आणखी, म्हणजे 100 टक्के दिलासा रक्कम मिळते.

पैसे घेतले तर वाद संपला असंही नाही. 2013 च्या कायद्यात निवाडा (भरपाई ठरवणारा सरकारी निर्णय) पटला नसेल तर पावतीवर 'हरकत राखून' असं स्वतःच्या हातानं लिहा आणि मग पैसे घ्या. ते न लिहिता घेतले तर वाढीव भरपाई मागता येत नाही. थेट खरेदीचं (वाटाघाटीनं जमीन विकत देण्याचं) संमतीपत्र पुढं केलं तर मात्र तिथंच सही करू नका, घरी आणून वकिलाला दाखवा.