वयाच्या ३६ व्या वर्षी ऑटिझमचे निदान झाले. आता या निदानाचे करायचे काय?

तुम्ही लिहिले आहे की नोकरी आहे, संसार आहे, आजवर सगळे निभावून नेले, आणि आता ३६ व्या वर्षी ऑटिझम स्पेक्ट्रमचे निदान झाले. इतकी वर्षे जे चालले ते पुढेही चालेलच, मग या अहवालाचा उपयोग काय? माझे निदान ४१ व्या वर्षी झाले, त्याला आता सहा वर्षे होतील, आणि पहिले काही महिने मीही स्वतःला हेच विचारत होते. आज माझे उत्तर असे आहे की जे चालले ते कशाच्या बळावर चालले, त्यासाठी रोज किती शक्ती खर्ची पडत होती, याचा हिशेब या निदानामुळे पहिल्यांदा मांडता येतो. तो मांडला नाही तर पुढेही चालेलच, याची खात्री देता येत नाही. माझे चालले नाही.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मूळ शब्दही 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो प्रथम वापरला, आणि तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. त्यामुळे भाषांतर चुकले असे म्हणता येणार नाही. तरीही हा शब्द मला कधी आपला वाटला नाही, कारण स्वतःत बुडालेल्या माणसापर्यंत बाहेरचे काही पोहोचत नाही अशी त्यातून समजूत होते, आणि माझी अडचण नेमकी उलटी आहे. मी मुद्रितशोधनाचे काम करते. आमच्या कार्यालयातील बैठकीच्या खोलीत बसले की ट्यूबलाइटची गुणगुण, एसीची घरघर, समोरच्याच्या पेनाच्या बटणाची टकटक, शेजारच्या खुर्चीवरून येणारा अत्तराचा वास, मानेला टोचणारे कपड्याचे लेबल आणि बोलणाऱ्याचे शब्द हे सगळे सारख्याच जोराने आत येते. इतरांचे मन त्यातले नको ते आपोआप बाजूला सारते. मला ती चाळणी प्रत्येक क्षणी हाताने धरावी लागते. एखादे वाक्य मला उद्देशून होते हे ध्यानात येईपर्यंत दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिलेले असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मात्र स्वतःतच हरवलेली एक बाई दिसते.

इतक्या उशिरा निदान होण्यात तुमची काही चूक नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमविषयीच्या आपल्या लेखात ज्या ११ मुलांचे वर्णन केले त्यांत आठ मुलगे होते आणि तीन मुली, आणि पुढे कित्येक वर्षे ऑटिझम म्हणजे न बोलणारा लहान मुलगा हेच चित्र डॉक्टरांच्याही मनात राहिले. त्या अकरांपैकी पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, मोठा होऊन बँकेत नोकरी करत होता, मोटार चालवत होता, गोल्फ खेळत होता, देशोदेशी प्रवास करत होता आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये निघाली, तेव्हा अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम वगैरे वेगळी निदाने ऑटिझम स्पेक्ट्रम या एकाच नावाखाली आली आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांच्या तीव्र किंवा मंद जाणिवेला निकषांत जागा मिळाली. तुमच्याआमच्या लहानपणी याविषयी विचारायचे असते हेच कोणाला माहीत नव्हते. त्याच निकषांत असेही म्हटले आहे की लक्षणे बालपणापासूनची असली, तरी परिस्थितीच्या मागण्या कुवतीबाहेर जाईपर्यंत ती पुरती दिसणार नाहीत किंवा पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील, असे होऊ शकते. मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो भाग मला वाचून दाखवला, तेव्हा मी त्यांना तो पुन्हा वाचायला सांगितला.

शिकून घेतलेल्या युक्त्या म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको, पण आपण त्या वापरतो हे आपल्याला दिसत नाही म्हणून माझ्या सांगते. फोन करण्याआधी मी कागदावर पहिले वाक्य लिहीत असे, समोरून येऊ शकतील अशी दोन उत्तरे लिहीत असे आणि खाली फोन ठेवतानाचे वाक्य. अशा कागदांचा एक गठ्ठा माझ्या टेबलाच्या खालच्या खणात साठला होता. बोलताना समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघायचे, मनात तीन मोजायचे, मग नजर वळवायची. 'काय म्हणता, कसे काय?' याचे खरे उत्तर द्यायचे नसते, हे मी कॉलेजात असताना एका मैत्रिणीचे निरीक्षण करून शिकले. याला मास्किंग म्हणतात, आणि ते ढोंग नव्हे. लहानपणी आपण जसे आहोत तसे वागल्यावर जे बोलणे खावे लागते, त्यातून ते अंगवळणी पडते. पण दिवसभर आपलेच बोलणे मनात दुसऱ्या भाषेत उतरवून मग बाहेर काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी जो थकवा येतो, तो झोपेने भरून निघत नाही.

चाळिसाव्या वर्षी माझी भिंतीकडेची जागा गेली आणि मला मोकळ्या दालनात बसवले. त्याच सुमारास वरिष्ठ बदलले. दोन्ही बदल कोणालाही किरकोळ वाटावेत असेच होते. तीन महिन्यांत माझी अवस्था अशी झाली की ज्या पानावरचा निसटलेला अनुस्वार मला न शोधता दिसत असे, ते पान वाचून संपले तरी त्यावर काय होते ते सांगता येईना. आंघोळ आधी की कपडे काढून ठेवणे आधी, हा क्रम मला सकाळी उभे राहून आठवावा लागे. संध्याकाळी सातनंतर शब्द तोंडातून येत नसत. ते मनात तयार असत, पण बाहेर पडत नसत. नैराश्य समजून उपचार झाले, औषधाने झोप सुधारली, पण बाकीचे जैसे थे राहिले. या अवस्थेला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात हे मला नंतर समजले; २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांनी तिची तीन लक्षणे सांगितली आहेत: दीर्घकाळचा थकवा, येत असलेली कौशल्ये गमावणे आणि आवाज-प्रकाश आदी उद्दीपने पूर्वीपेक्षा असह्य होणे. नैराश्य आणि बर्नआउट एकाच वेळी असू शकतात, म्हणून एकाच्या नावाखाली दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू नका, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना आणि जवळच्या माणसाला सांगा.

आता करायचे काय, या प्रश्नाकडे येते. ऑटिझमच्या मूळ वैशिष्ट्यांवर औषध नाही, आणि मला ते हवेही नाही. मी एक महिना एक वही ठेवली: दिवसात काय काय झाले आणि रात्री आठ वाजता मी कशी होते, एवढेच लिहायचे. थकवा कामाचा असेल असे मी धरून चालले होते, पण वहीत निराळेच दिसले. साठ पाने तपासून मी ताजी असे, आणि मधल्या सुट्टीत सात-आठ जणांच्या टेबलावर अर्धा तास बसले की उरलेला दिवस संपलेला असे. न कळवता बदललेली वेळ अर्ध्या दिवसाच्या कामापेक्षा महाग पडत असे. तेव्हापासून मी आठवड्यातून दोनच दिवस सगळ्यांबरोबर जेवते आणि त्या दोन दिवशी मनापासून जेवते. वरिष्ठांना मी निदान सांगितले नाही, गरज सांगितली: तोंडी दिलेल्या सूचना माझ्याकडून निसटतात, दोन ओळींचा मेल केलात तर चूक होणार नाही. हे मान्य झाले. भिंतीकडेची जागा मागितली ती मिळाली नाही. मग हेडफोनवर भागवले.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट सापडली. दुपारी चारच्या सुमाराला मला लेखकांचा अतोनात राग येई, हात थरथरत, आणि मी समजत असे की मजकूरच वाईट आहे. त्या दिवसांच्या नोंदींत जेवण किंवा पाणी कुठेच नव्हते. भूक, तहान, आपल्याच शरीरातले आणि मनातले बदल वेळेवर न ओळखता येणे हे अनेक ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये आढळते. आता एक आणि चार वाजता माझ्या फोनचा गजर वाजतो, आणि तो वाजला की मी राग खरा मानण्याआधी पाणी पिते.

संसाराविषयी तुम्ही अधिक काही लिहिलेले नाही, तरी लिहिते, कारण निदानाचा सर्वाधिक उपयोग मला तिथेच झाला. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये असे मांडले की न समजण्याची अडचण दुहेरी असते. ऑटिस्टिक व्यक्तीला जसे इतरांचे मन कळत नाही, तसेच इतरांनाही तिचे कळत नाही. माझे पती 'ते कपडे अजून दोरीवरच आहेत' असे म्हणत आणि मी 'हो, आहेत' म्हणून पुढे वाचू लागत असे; त्यांना ती बेपर्वाई वाटे आणि मला त्यांचा राग अचानक कुठून आला ते उमजत नसे. बारा वर्षे हे चालले होते. आता ते 'कपडे काढून आणतेस का?' असे विचारतात, आणि मीही गप्प होऊन खोलीत निघून जाण्याऐवजी 'आत्ता मला बोलता येत नाही, तासाभराने बोलेन' असे सांगते, किंवा तेही शक्य नसेल तर याच वाक्याची चिठ्ठी दाखवते.

एका बोलण्याची तयारी मात्र ठेवा. मास्किंग थोडे सैल केले की जवळची माणसेच म्हणतात, निदान झाल्यापासून तू जास्तच करू लागलीस, पूर्वी तुला हे सगळे जमत होते. माझ्या सख्ख्या बहिणीने मला हे ऐकवले आणि ते फार लागले. मी तिच्याशी वाद घातला नाही. खालच्या खणातला तो कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला; त्यात तिला केलेल्या फोनचेही कागद होते, तिच्या वाढदिवसाचे, ती आजारी असतानाचे. ती बराच वेळ वाचत बसली, आणि त्यानंतर फोन करण्याआधी ती मला संदेश पाठवून विचारू लागली.