कुटुंबासह नाशिकला येतोय, आपल्या विचारांची माणसं कुठे भेटतील?
आम्हीही सोलापूरहून असेच आलो. घर विकत घ्यायची घाई नको. वर्षभर भाड्याने राहा, भाग कळतो. तुम्ही वाचणारे दिसता, तर आधी ‘सावाना’चं, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हा. १८४० सालची संस्था आहे, तिथल्या कार्यक्रमांना मागच्या रांगेत बसलात तरी ओळखी होतात.

आमचं खरं सूत मात्र पांडवलेणीवर जुळलं. दर रविवारी सकाळी तेच तेच चेहरे. तिसऱ्या रविवारी एका काकूंनी पायरीवरच डबा उघडून थालीपीठ पुढे केलं, लेकीला त्यांची नात मैत्रीण म्हणून मिळाली. सोसायटीच्या ग्रुपवर विसंबू नका, तिथे फक्त पाणी आणि पार्किंग! शाळेचं मात्र जूनच्या बरंच आधी बघा.